घोडामाशाची जातिनिश्चिती : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक विचार

सारांश : घोडामासा हा उथळ सागरी पाण्यात, समुद्री गवत, शैवाल, प्रवाळ व खडक यांच्या आश्रयाने राहणारा लहान मासा आहे. त्याला ‘घोडामासा’ म्हणून ओळखणे अत्यंत सोपे, परंतु त्याची जात निश्चित करणे तितकेच अवघड आहे. रंगावरून केलेली ओळख बहुधा फसवी ठरते. शरीरावरील वलयांची मोजणी, मुस्कटाचे प्रमाण, मुकुटाचा आकार व काट्यांची ठेवण यांच्या एकत्रित विचारानेच निष्कर्ष काढता येतो. प्रस्तुत लेखात ही पद्धत अन्य विद्याशाखांतील अध्यापकांनाही समजेल अशा रीतीने मांडण्याचा आणि महाविद्यालयीन संग्रहालयांतील नमुन्यांच्या संदर्भात तिचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : घोडामासा, हिप्पोकॅम्पस कुडा, जातिनिश्चिती, मालवण सागरी अभयारण्य, संग्रहालयीन नमुने.

१. प्रास्ताविक

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात धामापूर हे गाव आहे. इ.स. १५३० मध्ये बांधला गेलेला येथील तलाव सर्वपरिचित असून २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन संरचनेचा दर्जा दिला. गोड्या पाण्याच्या या तलावापासून मालवणचा समुद्र फार दूर नाही. धामापूर, काळसे, चौके या परिसरातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला तळ्यातले मासे, खाडीतले मासे व समुद्रातले मासे असे तीनही प्रकार घरच्या जेवणातूनच ठाऊक असतात. बांगडा, सुरमई, मोरी, शेंगटी, पेडवे ही नावे त्याला शिकवावी लागत नाहीत.

मात्र जो मासा खाल्ला जात नाही, त्याला बाजारात नाव नसते. रापणीच्या जाळ्यात मुख्य मासळीबरोबर येणारे लहानसहान जीव वेगळे काढून वाळूवर टाकले जातात. घोडामासा हा अशांपैकी एक. प्राणिशास्त्राच्या प्रयोगवहीत मात्र त्याला मानाचे स्थान आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात घोडामाशाची बरणी नाही असे जुने महाविद्यालय विरळाच. विद्यार्थी त्याची आकृती काढतात, वर्गीकरण लिहितात व शेवटी केवळ ‘हिप्पोकॅम्पस’ एवढे नाव देऊन थांबतात. ‘हिप्पोकॅम्पस’ हे प्रजातीचे, म्हणजे कुलनामासारखे नाव होय. आडनाव सांगितले, परंतु व्यक्ती कोण ते सांगितले नाही, अशी ही स्थिती आहे. ही अपुरी ओळख का पुरत नाही आणि ती पूर्ण कशी करावी, हा या लेखाचा विषय आहे.

२. अधिवास : गवत, शैवाल आणि खडक

घोडामाशाचा अधिवास सांगताना पाठ्यपुस्तकांत ‘समुद्री गवत व प्रवाळ’ असा उल्लेख येतो. मालवणच्या संदर्भात हा उल्लेख थोडा तपासून घ्यावा लागतो. समुद्री गवत ही खरी सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे असतात, फुले येतात. सरगॅसमसारखी समुद्री शैवाले ही त्याहून सर्वस्वी भिन्न. त्यांना खरी मुळे नसतात, ती खडकाला चिकटून वाढतात. तमिळनाडूतील मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर येथे समुद्री गवताची विस्तीर्ण कुरणे आहेत. तशी कुरणे कोकणात नाहीत. येथे खाड्यांच्या चिखलवट काठांवर हॅलोफिला वंशाच्या बुटक्या गवताचे लहान पट्टे आढळतात. उघड्या किनाऱ्यावर मात्र खडक, शैवाल व प्रवाळ यांचेच प्राबल्य आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर केली. या किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. हा परिसर व त्याला लागून असलेले पाणी मिळून २९.१२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९८७ साली ‘मालवण सागरी अभयारण्य’ म्हणून घोषित झाले. दक्षिणेस देवबागजवळ कर्लीची खाडी समुद्रास मिळते, तर उत्तरेस कोळंबची खाडी आहे. खडक, खाडी, कांदळवन व वालुकामय तळ ही सर्व इतक्या थोड्या अंतरात एकत्र आलेली असल्याने लहान माशांना आश्रयस्थाने विपुल मिळतात.

घोडामाशाला पोहण्यापेक्षा धरून राहणे अधिक जमते. गवताचे पाते, शैवालाचा देठ, सागरी पंख्यासारख्या प्रवाळाची फांदी, कांदळाचे मूळ, इतकेच काय, पाण्यात सुटलेला दोरही त्याला शेपटीने विळखा घालण्यास पुरतो. म्हणून नोंद घेताना ‘समुद्री गवतात सापडला’ असे सवयीने न लिहिता त्याने प्रत्यक्ष कशाला धरले होते, हे पाहून लिहावे. जाळ्यात आलेल्या माशाबाबत हे कळणे शक्य नसते. तेव्हा जाळे कोठे व किती खोलीवर टाकले होते एवढेच नमूद करावे.

३. शरीररचना

घोडामासा हा अस्थिमत्स्य आहे. त्याला कल्ले आहेत, पाठीचा कणा आहे, पर आहेत. सिंग्नॅथिडी या कुलात त्याच्यासमवेत नळीमाशांचाही समावेश होतो. या कुलाची खूण म्हणजे लांब नळीसारखे मुस्कट, टोकाला असलेले दंतहीन लहान तोंड आणि खवल्यांऐवजी अंगावर असलेले हाडांच्या पट्ट्यांचे कवच. या पट्ट्या एकमेकींना जोडल्या जाऊन शरीराभोवती वलये तयार होतात. बांबूच्या पेरांप्रमाणे ही वलये स्पष्ट मोजता येतात. जातिनिश्चितीचा सारा आधार या पेरांवर आहे.

घोडामाशाचे डोके धडाशी काटकोनाच्या जवळपास झुकलेले असते. त्याला पुच्छपक्ष (शेपटीचा पर) व श्रोणिपक्ष (पोटाकडील परांची जोडी) नसतात. पाठीवरील पृष्ठपक्षाच्या जलद कंपनाने तो उभ्या स्थितीत पुढे सरकतो आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या वक्षपक्षांनी दिशा सांभाळतो. शेपटीचा छेद गोल नसून चौकोनी असतो. डोक्याच्या माथ्यावर हाडाचा उंचवटा असतो, त्यास मुकुट म्हणतात.

नर व मादी यांतील भेद सर्वश्रुत आहे. मादी आपली अंडी नराच्या पोटाखाली असलेल्या शिशुधानीत सोडते आणि त्यांचे पोषण व रक्षण नर करतो. शिशुधानी दिसली की नर, असे सरसकट म्हटले जाते. परंतु कोवळ्या नरात ती पूर्ण वाढलेली नसते. त्यामुळे ‘शिशुधानी नाही, म्हणून मादी’ हा निष्कर्ष लहान आकाराच्या माशाबाबत काढू नये.

४. नावाचा प्रवास

आधुनिक नामपद्धतीचा जनक लिनीअस याने १७५८ साली घोडामाशाला नळीमाशांच्याच प्रजातीत ठेवले होते. १८१० साली राफिनेस्क याने ‘हिप्पोकॅम्पस’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. हा शब्द ग्रीक असून त्यातील ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा व ‘काम्पोस’ म्हणजे सागरी राक्षस. डच सैन्यातील वैद्य व मत्स्यशास्त्रज्ञ पीटर ब्लीकर याने १८५२ साली सिंगापूरच्या नमुन्यावरून ‘हिप्पोकॅम्पस कुडा’ या जातीचे वर्णन केले. मलय भाषेत ‘कुडा’ म्हणजे घोडा. म्हणजे शास्त्रीय नावात घोडा दोनदा आला. एकदा ग्रीकमधून, एकदा मलयमधून. मराठीतील ‘घोडामासा’ वा ‘समुद्रघोडा’ हे नाव त्याच पंक्तीत बसते. दूरदूरच्या किनाऱ्यांवरील लोकांनी या प्राण्याला एकच उपमा दिली, हे भाषेच्या अभ्यासकांनाही उद्बोधक वाटावे.

मात्र लोकभाषेतील नाव सर्व जातींना एकच असते आणि शास्त्रीय नाव एकाच जातीचे असते. आज घोडामाशांच्या चाळीसहून अधिक जाती मान्य आहेत. पूर्वी याहून कितीतरी अधिक नावे प्रचलित होती. निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांनी एकाच जातीला रंग, आकार वा वय यांतील फरकामुळे वेगवेगळी नावे दिली. उलटपक्षी ‘कुडा’ या एका नावाखाली अनेक भिन्न जातीही घातल्या गेल्या. सारा लूरी, अमांडा व्हिन्सेंट व हेदर हॉल यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेने या गोंधळाला शिस्त लावली आणि २०१६ साली लूरी, पोलोम व फॉस्टर यांनी सर्व नावांचा पुन्हा आढावा घेऊन ४१ जाती ग्राह्य धरल्या. त्यानंतरही नव्या जातींची भर पडली आहे. तात्पर्य, जुन्या ग्रंथातील नाव आजच्या नोंदीत जसेच्या तसे उतरविणे धोक्याचे आहे.

५. रंगाचा भ्रम

विद्यार्थी सर्वप्रथम रंग पाहतो. ‘पिवळा घोडामासा’ हे हिप्पोकॅम्पस कुडाचे रूढ नाव असल्याने पिवळा दिसला की कुडा आणि काळा दिसला की दुसरी जात, असा सोपा नियम मनात तयार होतो. प्रत्यक्षात कुडा जातीचे मासे पुष्कळदा संपूर्ण काळे असतात. काही फिकट पिवळे किंवा मलईच्या रंगाचे व मोठे काळे ठिपके असलेले असतात, विशेषतः माद्या. काही वाळूच्या रंगाचे असतात. परिसराशी जुळवून घेण्यासाठी हा मासा रंग बदलतो. त्यात मृत्यूनंतर, वाळल्यावर व फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यावर मूळ रंग नाहीसा होतो तो वेगळाच.

याबाबत प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. एका महाविद्यालयात अध्यापन करीत असताना तेथील संग्रहालयात घोडामाशाच्या दोन बरण्या होत्या. एकीतील नमुना फिकट, दुसरीतील गडद. दोन्हींवर दोन वेगवेगळ्या जातींच्या चिठ्ठ्या होत्या. अनेक वर्षे त्या चिठ्ठ्या प्रमाण मानून प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना दोन जाती म्हणून त्या दाखविल्या, प्रात्यक्षिक परीक्षेत त्यांवर प्रश्नही विचारले आणि उत्तरास गुण दिले. पुढे एका विद्यार्थिनीने ‘सर, यांत रंगाखेरीज फरक कोणता?’ असे विचारले. उत्तर देता आले नाही. म्हणून दोन्ही नमुने बशीत घेऊन भिंगाखाली वलये मोजली. दोन्हींत धडाची वलये ११ व शेपटीची ३६ भरली. मुकुट, गालावरचा काटा, मुस्कटाचे प्रमाण, सर्व जुळले. दोन्ही नमुने हिप्पोकॅम्पस कुडाचेच होते. शिशुधानीवरून फिकट नमुना मादी व गडद नमुना पूर्ण वाढलेला नर ठरला. जातीचा म्हणून शिकविलेला फरक वस्तुतः एकाच जातीतील रंगाचा फरक होता.

चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याची होती, परंतु ती वर्षानुवर्षे पुढे चालविण्याची जबाबदारी शिकविणाऱ्याची होती. प्रस्तुत लेखाची प्रेरणा या प्रसंगात आहे.

६. जातिनिश्चितीची पद्धत

या कामासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. हातभिंग, मिलिमीटरची मोजपट्टी, टाचणी व कॅमेरा पुरेसे आहेत. पुढील क्रमाने निरीक्षण करावे.

(१) उंची : मुकुटाच्या टोकापासून सरळ केलेल्या शेपटीच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे उंची. माशांची लांबी मोजताना मुस्कटापासून सुरुवात करतात; घोडामाशात ती मुकुटापासून करावी. जुन्या बरणीतील नमुन्याची शेपटी बळाने सरळ करू नये, ती मोडते. दोरा वळणावरून फिरवून तो मोजावा.

(२) धडाची वलये : वक्षपक्षाच्या बुडाशी असलेल्या वलयापासून गुदपक्षाच्या वर असलेल्या वलयापर्यंत मोजावे. येथे चर्चिलेल्या सर्व जातींत ही संख्या सामान्यतः ११ असते. ती ११ भरली नाही, तर बहुधा मोजणीचा प्रारंभ चुकला आहे असे समजून पुन्हा मोजावे.

(३) शेपटीची वलये : गुदपक्षाच्या लगेच मागील वलयापासून टोकापर्यंत मोजावे. टोकाकडील वलये अत्यंत बारीक असल्याने येथेच चुका होतात. दर दहा वलयांनंतर टाचणी ठेवून, दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे मोजावे आणि संख्या जुळेपर्यंत पुनरावृत्ती करावी.

(४) मुस्कटाचे प्रमाण : डोक्याच्या लांबीला मुस्कटाच्या लांबीने भागावे. डोक्याची लांबी मुस्कटाच्या टोकापासून कल्ल्याच्या झाकणामागील वलयाच्या मध्यापर्यंत, तर मुस्कटाची लांबी टोकापासून डोळ्याच्या पुढील उंचवट्यापर्यंत घ्यावी. समजा डोके २४ मि.मी. व मुस्कट १० मि.मी. असेल, तर प्रमाण २.४ येते. प्रमाण जितके लहान तितके मुस्कट लांब. पिल्लांत हे प्रमाण वेगळे येत असल्याने ते प्रौढ नमुन्यालाच लावावे.

(५) मुकुट व काटे : मुकुट बुटका की उंच, गोलसर की टोकदार, डोळ्यावर व गालावर काटा आहे काय, असल्यास तो बोथट, तीक्ष्ण की आकड्यासारखा वळलेला, वलयांच्या सांध्यांवर गाठी आहेत की काटे, हे पाहावे.

(६) पृष्ठपक्षातील अर : पर पसरून त्यातील काड्या मोजाव्यात. छायाचित्रावरून हे क्वचितच साधते.

भारताच्या किनाऱ्यावरून नोंदल्या गेलेल्या घोडामाशांपैकी पाच जातींचे वेगळेपण या निकषांवर पुढीलप्रमाणे सांगता येते.

हिप्पोकॅम्पस कुडा : शेपटीची वलये बहुधा ३६ (३४ ते ३८). प्रमाण २.३ च्या आसपास. डोके भरदार, मुस्कट जाड. मुकुट मागे झुकलेला, फार उंच नाही, माथ्यावर अनेकदा उथळ खळगा. अंगावर तीक्ष्ण काटे नाहीत, केवळ गोलसर गाठी. खाड्यांत व उथळ किनारी पाण्यात आढळतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत याच जातीच्या बंदिस्त पैदाशीवर संशोधन झालेले आहे.

हिप्पोकॅम्पस ट्रायमॅक्युलेटस : शेपटीची वलये बहुधा ४० किंवा ४१ (३८ ते ४३). डोके अरुंद, मुकुट अगदी बुटका. डोळ्यावर व गालावर आकड्यासारखे वळलेले काटे. पृष्ठपक्षात अर अधिक, सामान्यतः २० च्या आसपास. धडाच्या पहिल्या, चौथ्या व सातव्या वलयावर पाठीच्या बाजूस तीन मोठे काळे ठिपके असतात. त्यावरून हे नाव पडले. परंतु गडद रंगाच्या माशात ते दिसत नाहीत, म्हणून ठिपक्यांचा अभाव हा पुरावा मानू नये.

हिप्पोकॅम्पस केलोगी : शेपटीची वलये ४० च्या आसपास (३९ ते ४१). आकाराने मोठा, उंची २८ सें.मी. पर्यंत. वलये जाड, मुकुट उंच, गालावरील काटा मागे वळलेला व टोकाला बोथट. पृष्ठपक्षात सुमारे १८ अर. बहुधा खोल पाण्यातील जाळ्यांत येतो.

हिप्पोकॅम्पस स्पिनोसिसिमस : शेपटीची वलये ३६ च्या आसपास, म्हणजे कुडाइतकीच. फरक काट्यांत आहे. वलयांवर ठळक काटे असतात व त्यांतील काही अधिक लांब असतात.

हिप्पोकॅम्पस हिस्ट्रिक्स : शेपटीची वलये ३५ च्या आसपास. मुस्कट विशेष लांब, प्रमाण सुमारे १.८. अंगावर लांब, तीक्ष्ण व बहुधा गडद टोकाचे काटे.

यावरून दिसेल की कोणताही एक निकष एकटा पुरेसा नाही. शेपटीची वलये प्रथम मोजली की जाती दोन गटांत विभागतात. ३४ ते ३७ वलयांचा एक गट व ३९ च्या पुढचा दुसरा. पहिल्या गटात काटे व मुस्कट पाहावे, दुसऱ्यात गालाचा काटा व पृष्ठपक्षातील अर मोजावेत. संख्या ३८ आली, तर ती दोन्ही गटांच्या सीमेवर असल्याने इतर सर्व लक्षणे तपासावीत. हिप्पोकॅम्पस फस्कस हे नाव काही अभ्यासक स्वतंत्र मानतात, तर काही कुडाचेच पर्यायी नाव समजतात. अशा वेळी ‘कुडा गट’ असे लिहिणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते. नाव अपुरे देण्यापेक्षा चुकीचे देणे अधिक हानिकारक होय.

७. नळीमाशाशी होणारा गोंधळ

नळीमासा सरळ असतो व घोडामासा वाकडा, हा फरक सर्वांना ठाऊक आहे. बहुतेक नळीमाशांना लहानसा पुच्छपक्ष असतो, घोडामाशाला तो नसतो. परंतु समुद्री गवतात राहणाऱ्या सिंग्नॅथॉइड्स बायॅक्युलिएटस या नळीमाशालाही पुच्छपक्ष नसतो आणि तोही शेपटीने गवत धरून राहतो. केवळ शेपटीवरून निर्णय घेतल्यास येथे फसगत होते. निर्णायक लक्षण डोक्याचा कोन हे होय. नळीमाशाचे डोके शरीराच्या रेषेत असते, घोडामाशाचे खाली झुकलेले असते. नळीमाशांच्या काही जाती खाडीतून वर नदीच्या गोड्या पाण्यातही शिरतात. त्यामुळे नदीत सापडला म्हणून तो या कुलातील नव्हे, असेही समजू नये.

८. ओळखीचे सामाजिक व वैधानिक मूल्य

एवढ्या लहान माशाच्या नावासाठी इतका खटाटोप कशाला, असा प्रश्न अन्य विद्याशाखेतील वाचकास पडणे स्वाभाविक आहे. वाळविलेल्या घोडामाशाला पूर्व आशियातील पारंपरिक औषधांच्या बाजारात मागणी आहे. जिवंत मासे शोभेच्या टाक्यांसाठी आणि वाळलेले शोभेच्या वस्तू म्हणूनही विकले जातात. तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत ते अन्य मासळीबरोबर नकळत सापडतात. संथ पोहणारा, एकाच लहान परिसरात राहणारा आणि पिल्लांसाठी नरावर अवलंबून असलेला हा मासा एकदा एखाद्या जागेतून नाहीसा झाला, की तेथे लवकर परतत नाही. कुडा, ट्रायमॅक्युलेटस, केलोगी व स्पिनोसिसिमस या चारही जाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘असुरक्षित’ गणल्या आहेत.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली या संपूर्ण कुलाचा समावेश करण्यात आला. २००२ साली संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्व घोडामासे घेण्यात आले व ती तरतूद मे २००४ पासून लागू झाली. एकेक जात निवडून न घेता पूर्ण प्रजातीच घ्यावी लागली, याचे एक कारण जाती परस्परांपासून ओळखणे अवघड आहे हे होते. सीमाशुल्क अधिकाऱ्याला जी अडचण येते तीच आपल्या प्रयोगशाळेत येते, एवढाच याचा अर्थ. २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमातील अनुसूचींची फेररचना झाली असून ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहे. म्हणून अध्यापकांनी जुन्या अनुसूचीचा उल्लेख जसाच्या तसा न करता सुधारित पाठ पाहावा.

यातून महाविद्यालयांसाठी एक थेट सूचना निघते. ‘किनाऱ्यावर जाऊन नमुने गोळा करून आणा’ हा पूर्वीचा गृहपाठ या माशाबाबत देता येणार नाही. शैक्षणिक वा संशोधनकार्यासाठीही मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी आवश्यक असते. विद्यार्थ्याने उत्साहाने आणलेला एक मासा त्यालाच अडचणीत आणू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याच्या सूचना दिल्या, त्यानंतर जुन्या बरण्यांचे मोल अधिकच वाढले आहे. नवा नमुना येणार नाही, तेव्हा आहे तो नीट ओळखणे व त्याची नोंद ठेवणे हेच आपल्या हाती आहे. कपाटातील जुन्या नमुन्यांच्या वैधानिक स्थितीविषयी वनविभागाशी पत्रव्यवहार करून घेणे इष्ट.

९. नोंद कशी घ्यावी

वर उल्लेखिलेल्या दोन बरण्यांची जात अखेर निश्चित झाली, परंतु एक उणीव भरून निघाली नाही. चिठ्ठीवर ठिकाण नव्हते, तारीख नव्हती. ते मासे मालवणचे होते, रत्नागिरीचे होते की नमुने पुरविणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत मंडपमहून आलेले होते, हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे जात कळूनही मालवणच्या समुद्राविषयी त्या बरण्या काहीच सांगत नाहीत. जातीचे नाव पन्नास वर्षांनंतरही पुन्हा तपासता येते. ठिकाण एकदा हरवले की ते कायमचे हरवते.

म्हणून रापण ओढली जात असताना घोडामासा दिसल्यास पुढील गोष्टी जागेवरच लिहून घ्याव्यात : दिनांक व वेळ, गाव व किनारा, जाळ्याचा प्रकार व अंदाजे खोली, तळ खडकाळ, वालुकामय की चिखलाचा, नर की मादी, उंची. मोजपट्टी शेजारी धरून एका बाजूने संपूर्ण शरीराचे, डोक्याचे व मुकुटाचे अशी किमान तीन छायाचित्रे घ्यावीत. शेपटीची वलये मोजता येतील इतके छायाचित्र स्पष्ट असावे. हे सर्व मासा जाळ्यातून सोडविणाऱ्या मच्छीमाराच्या हातातच व अल्पावधीत उरकावे आणि मासा जिवंत असल्यास त्याला ताबडतोब पाण्यात सोडावे. घोडामाशांच्या नोंदींसाठी २०१३ साली सुरू झालेल्या ‘आय-सीहॉर्स’ या उपक्रमात अशी छायाचित्रे तज्ज्ञांकडून तपासून घेता येतात. मात्र नेमकी जागा सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करू नये.

या कामात मच्छीमारांचे ज्ञान मोलाचे आहे. कोणत्या वाऱ्याला, कोणत्या महिन्यात, कोणत्या खडकाजवळ काय येते हे रापणकराला ठाऊक असते. त्याचे निरीक्षण व आपली मोजणी यांची सांगड घातली, तर खरी नोंद तयार होते. भूगोल, मराठी, समाजशास्त्र व वाणिज्य या विभागांनाही यात सहभागी होता येईल. स्थानिक नावांचा संग्रह, मासेमारीच्या पद्धतींतील बदल, टाकाऊ मासळीचा व्यवहार हे सर्व विषय याच वाळूवर एकत्र येतात.

१०. समारोप

घोडामासा ओळखण्यास कोणालाही शिकवावे लागत नाही आणि म्हणूनच त्याची जात ओळखण्याचे शिकविण्याचे राहून गेले. जातिनिश्चिती हे स्मरणाचे काम नसून मोजणीचे व पडताळणीचे काम आहे. रंगावर विसंबू नये, एका लक्षणावर थांबू नये, संशय असेल तेथे संशय नोंदवावा आणि ठिकाण व तारीख यांवाचून कोणताही नमुना पूर्ण मानू नये, एवढ्या चार गोष्टी पाळल्या तरी प्रत्येक महाविद्यालयाचे छोटे संग्रहालय विश्वसनीय होऊ शकेल.

पुढील सत्राच्या प्रारंभी प्रत्येक प्राणिशास्त्र विभागाने आपल्या कपाटातील घोडामाशाची बरणी खाली काढून तिच्यातील वलये विद्यार्थ्यांकडून एकदा मोजून घ्यावीत, अशी नम्र सूचना आहे. चिठ्ठी बरोबर निघाली तर ती सप्रमाण बरोबर ठरेल. चुकीची निघाली, तर ती दुरुस्त करून जुनी चिठ्ठीही नव्या चिठ्ठीशेजारी जपून ठेवावी. चूक कशी झाली व कशी कळली, हेही विद्यार्थ्यांनी शिकण्यासारखेच आहे.